जुन्या सदनिका-इमारतींचे ऊर्जा-नूतनीकरण

अनेक कुटुंबे राहत असलेल्या जुन्या इमारतीचा मूळ सांगाडा कायम ठेवून तिच्या भिंती, छप्पर, खिडक्या, तसेच उष्णता, थंडावा व ताजी हवा पुरवणाऱ्या यंत्रणा यांत सुधारणा करणे आणि राहणाऱ्यांच्या सोयीत उणेपणा न आणता इमारतीची ऊर्जेची गरज लक्षणीय प्रमाणात कमी करणे, यास ऊर्जा-नूतनीकरण म्हणतात. रंगरंगोटी किंवा गळती थांबवण्यासाठी केलेली डागडुजी याहून वेगळी असते. मात्र दोन्ही कामे एकाच वेळी हाती घेणे जवळजवळ नेहमीच शहाणपणाचे ठरते, कारण उंच इमारतीभोवती परांची उभारण्याचा खर्च एकदाच करावा लागतो.

या विषयाकडे गांभीर्याने पाहण्यास १९७३ च्या तेलसंकटापासून सुरुवात झाली. पश्चिम जर्मनीने इमारतींच्या उष्णतारोधनाविषयीचा पहिला वटहुकूम १९७७ मध्ये काढला, परंतु असे नियम प्रामुख्याने नव्या बांधकामाला लागू होत. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई भागवण्यासाठी घाईने उभारलेल्या इमारती, विशेषतः पूर्व युरोपात व सोव्हिएत संघात कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या फलकांपासून जोडलेल्या वसाहती, या नियमांच्या आधीच्या होत्या. युरोपीय संघात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के ऊर्जा इमारतींमध्ये खर्च होते आणि आजच्या इमारतींपैकी ८५ ते ९५ टक्के इमारती २०५० मध्येही उभ्या असतील, असे युरोपीय आयोगाने २०२० मध्ये नोंदवले. म्हणजेच केवळ नव्या इमारती उत्तम बांधून हा प्रश्न सुटत नाही.

इमारतीतून उष्णता दोन मार्गांनी निसटते : भिंत, काच, छप्पर यांच्यातून होणाऱ्या वहनाने आणि फटींतून होणाऱ्या हवेच्या ये-जा करण्याने. साध्या एकपदरी काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानातील दर अंशाच्या फरकामागे, ५ ते ६ वॉट उष्णता बाहेर जाते. विशिष्ट लेप दिलेल्या व आरगॉन वायू भरलेल्या दुपदरी काचेतून हेच प्रमाण सुमारे १.१ वॉटपर्यंत, तर चांगल्या तिपदरी काचेतून ०.६ ते ०.८ वॉटपर्यंत खाली येते. भिंतीवर बाहेरून खनिज लोकरीचा (दगड किंवा काच वितळवून काढलेल्या तंतूंचा) १५ सेंमी. जाडीचा थर चढवला, तर तिचे प्रमाण साधारण ०.२ वॉटवर येते. थर शक्यतो बाहेरूनच द्यावा, कारण त्यामुळे मूळ भिंत उबदार व कोरडी राहते आणि स्लॅबच्या कडांसारखे उष्णतेला पळवाट देणारे भाग, म्हणजेच औष्णिक सेतू, झाकले जातात. सलग ओतलेल्या बाल्कनीच्या स्लॅबवर मात्र हा उपाय चालत नाही. तो स्लॅब भिंत भेदून थेट बाहेर गेलेला असल्याने एकतर त्याला सर्व बाजूंनी गुंडाळावे लागते, नाहीतर बाल्कनी कापून तिच्या जागी स्वतंत्र खांबांवरची नवी बाल्कनी उभारावी लागते. दर्शनी भाग ऐतिहासिक मोलाचा असेल, तर आतून थर द्यावा लागतो. मग बाष्प थराच्या मागे जाऊन थंड भिंतीवर साठू नये, याची काटेकोर तजवीज करावी लागते.

सर्वांत जास्त फसगत ओलाव्याच्या बाबतीत होते. जुन्या घरात सर्वांत थंड पृष्ठभाग खिडकीच्या काचेचा असतो. स्वयंपाक, स्नान आणि श्वासोच्छ्वास यांतून निघालेली वाफ तेथे थेंबांच्या रूपाने दिसते आणि पुसून टाकता येते, शिवाय चौकटीच्या फटींतून हवाही बदलत राहते. केवळ खिडक्या बदलून घट्ट बसणाऱ्या नव्या खिडक्या लावल्या आणि भिंती तशाच सोडल्या, तर फटी बुजतात, आतली आर्द्रता वाढते आणि सर्वांत थंड जागा आता भिंतीचा कोपरा किंवा कपाटामागची बाजू ठरते. तेथे बुरशी धरते आणि दोष मात्र रहिवाशांच्या सवयींवर ढकलला जातो, जो बहुतेकदा अन्यायकारक असतो. त्यामुळे हवाबंदपणा वाढवताना नियोजित वायुवीजनाची सोय केलीच पाहिजे. बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारी यंत्रणा हा त्यावरचा उत्तम उपाय होय. मात्र राहत्या घरांतून तिच्या नळ्या नेणे कटकटीचे असते. अत्यल्प ऊर्जेवर चालणाऱ्या इमारतींची मानके ठरवणाऱ्या जर्मनीतील पॅसिव्हहाउस संस्थेच्या ‘एनरफिट’ या जुन्या इमारतींसाठीच्या मानकात अशा वायुवीजनावर आणि हवाबंदपणाच्या प्रत्यक्ष चाचणीवर भर आहे.

यंत्रणा बदलण्याचे काम कवचाच्या, म्हणजे भिंती, छप्पर व खिडक्या यांच्या, सुधारणेनंतर करणे इष्ट. कवच सुधारल्यावर खोली तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये पूर्वीइतके तप्त पाणी सोडावे लागत नाही, आणि पाणी जितके कमी तापवावे लागेल तितका हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतील किंवा जमिनीतील उष्णता खेचून आत आणणारे यंत्र, कार्यक्षम ठरतो. शिवाय लहान पंप पुरतो. त्याचबरोबर मजल्यामजल्यांवरील गरम पाण्याच्या प्रवाहाचे संतुलन साधणेही आवश्यक असते. ज्या जुन्या इमारतींत एकाच नळीतून पाणी एकामागून एक घरांतून फिरते, तेथे काही घरे तापतात व काही गारठतात, आणि पाण्याचा प्रवाह कमी करणाऱ्या झडपा नसल्याने तापलेल्या घरांतील लोक ऐन हिवाळ्यात खिडक्या उघडतात. उष्ण हवामानात क्रम वेगळा लागतो. तेथे ऊन काचेला भिडण्याआधीच खिडकीबाहेरच्या पडद्यांसारख्या झडपांनी किंवा छज्ज्यांनी अडवणे, गच्चीवर निरोधक थर व परावर्तक पांढरा लेप देणे आणि रात्रीच्या गार हवेला वाट करून देणे, हे वातानुकूलन यंत्र बदलण्याआधी करावे.

अपेक्षित बचत आणि प्रत्यक्ष बचत यांत अंतर पडते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, जर्मनीतील घरे गणिताने काढलेल्या मागणीपेक्षा सरासरी सुमारे ३० टक्के कमी ऊर्जा वापरत होती. उष्णता निसटून जाणाऱ्या घरातील माणसे मुळातच काटकसर करून थंडी सोसत असतात. सुधारणेनंतर ती घर नीट उबदार ठेवू लागली, तर बिलातील घट आकड्यांपेक्षा कमी दिसते. याला अपयश म्हणणे चुकीचे आहे, कारण आरोग्यदायी उबदार खोली हेही या कामाचेच फळ आहे.

तांत्रिक अडचणींपेक्षा निर्णयाची अडचण मोठी असते. स्वतंत्र मालकीच्या सदनिकांत वरच्या मजल्याला छताच्या थराचा लाभ, मधल्या घरांना तुलनेने थोडा लाभ, आणि खर्च मात्र सर्वांच्या माथी, अशी स्थिती असते. भाड्याच्या घरांत पैसा मालकाचा आणि बचत भाडेकरूची. जर्मनीत मालकाला आधुनिकीकरणाच्या खर्चापैकी काही हिस्सा वार्षिक भाड्यात चढवता येतो. २०१९ पासून तो ११ वरून ८ टक्क्यांवर आणला गेला, कारण सुधारणेनंतर वाढलेल्या भाड्यामुळे लोकांना घर सोडावे लागत होते.

साहित्याची निवड हा जिवाचा प्रश्न आहे. लंडनमधील २४ मजली ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. नुकत्याच झालेल्या नूतनीकरणात बसवलेल्या, पॉलिएथिलीन या ज्वलनशील प्लॅस्टिकचा गाभा असलेल्या ॲल्युमिनियमच्या बाह्य आवरणातून ही आग पसरली. उंच इमारतींवर अज्वलनशील खनिज लोकर वापरणे व मजल्यागणिक आगरोधक पट्टे घालणे यांत थोड्या पैशांसाठी तडजोड करू नये.

रहिवाशांना न हलवता काम करण्याच्या पद्धतीही विकसित झाल्या आहेत. नेदरलँड्समधील ‘एनर्जीस्प्राँग’ उपक्रमात घराचे मोजमाप घेऊन खिडक्यांसह तयार केलेले फलक कारखान्यातून आणून दर्शनी भागावर बसवले जातात. फ्रान्समध्ये बोर्दो येथील ‘ग्राँ पार्क’ वसाहतीच्या तीन इमारतींतील ५३० सदनिकांना लाकातों व व्हासाल या वास्तुरचनाकारांनी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेरून काचेच्या खोल ‘हिवाळी बागा’ जोडल्या. या बागा उष्णतेचा मधला थर म्हणून काम करतात आणि प्रत्येक घराला नवी जागाही देतात; काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरांतच राहिले.