सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को

सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रान्सिस्को शहराचे सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. स्थापना 1935. शहरातील मतदारांनी निवडून दिलेले सात विश्वस्तांचे मंडळ त्याचा कारभार पाहते. मुख्य परिसर शहराच्या दक्षिण भागात ओशन अव्हेन्यूजवळ असून चायनाटाउन, मिशन अशा वस्त्यांमध्येही त्याची केंद्रे आहेत.

महाराष्ट्रातील वाचकाची ‘कम्युनिटी कॉलेज’ आणि ‘ज्युनिअर कॉलेज’ या नावांपाशी हमखास गफलत होते. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत हाच शब्द बारावीनंतरच्या दोन वर्षांसाठी, म्हणजे चार वर्षांच्या पदवीच्या पहिल्या अर्ध्या भागासाठी वापरला गेला. पुढे या संस्थांमध्ये व्यवसायशिक्षण आले, प्रौढांचे वर्ग आले आणि ‘ज्युनिअर’ हे विशेषण अपुरे पडू लागले. म्हणून कम्युनिटी कॉलेज हे नाव रूढ झाले. अशा कॉलेजात प्रवेशाला गुणांची अट नसते, प्रवेशपरीक्षाही नसते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही नाव घालता येते.

कॅलिफोर्नियात 1907 च्या कायद्याने हायस्कुलांना बारावीनंतरचे वर्ग चालवायची मुभा दिली आणि 1910 मध्ये फ्रेस्नो येथे त्याची सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र हे उशिरा घडले, तेही महामंदीच्या ऐन भरात. शालेय प्रशासनातील आर्चिबाल्ड क्लाउड यांनी त्यासाठी आग्रह धरला आणि तेच पहिले अध्यक्ष झाले. 1935 मध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा कॉलेजला स्वतःची इमारत नव्हती. शहरात जिथे खोल्या मिळतील तिथे वर्ग भरत आणि विद्यार्थी ट्रॉलीगाडीने एका ठिकाणाहून दुसरीकडे धावत. त्यावरून ‘ट्रॉलीगाडीचे कॉलेज’ हे टोपणनाव पडले. ‘द गार्ड्समन’ हे विद्यार्थ्यांचे वृत्तपत्रही त्याच वर्षीचे. वास्तुविशारद टिमोथी फ्लूगर यांनी आखलेली सायन्स हॉल ही टेकडीवरची इमारत 1940 मध्ये उभी राहिली. 1948 मध्ये सध्याचे नाव मिळाले आणि 1970 मध्ये कॉलेज शहराच्या शालेय व्यवस्थेतून वेगळे झाले.

आजच्या कामाची चौकट ठरली ती 1960 च्या राज्यव्यापी आराखड्यात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. बारावी होणाऱ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला पात्र, वरचे एक तृतीयांश राज्य विद्यापीठांना पात्र आणि कम्युनिटी कॉलेजे सर्वांना खुली, अशी ती वाटणी होती. कॉलेजात सुमारे 60 श्रेयांक मिळवून विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात दाखल व्हायचे, ही वाट त्यात अभिप्रेत होती. उशिरा जागे झालेल्यांसाठी किंवा घरखर्च भागवण्यासाठी आधी नोकरी धरावी लागलेल्यांसाठी ही वाट फार मोलाची आहे. दोन वर्षांत ती पुरी करणारे थोडे. बरेच जण एका सत्रात एखाद-दोन विषय घेत, कामाच्या पाळ्या सांभाळत पाच-सहा वर्षे काढतात, आणि अनेकांचे शिक्षण मध्येच सुटते.

विद्यापीठाकडे जाणारी ही वाट हा कॉलेजचा एक भाग झाला. परिचारिकांचे आणि इतर आरोग्यसेवकांचे शिक्षण, मोटारदुरुस्ती, विमानांची देखभाल, अग्निशमन, स्वयंपाक आणि हॉटेल व्यवसाय हेही इथे शिकवले जाते. फिलिपिनो समाजाविषयीचा विभाग 1970 मध्ये सुरू झाला. 1989 मध्ये स्थापन झालेला समलिंगी समाजाच्या अभ्यासाचा विभाग अमेरिकेतील पहिला मानला जातो. शहरात जे लोक राहतात त्यांचा अभ्यास शहराच्या कॉलेजात व्हावा, ही मागणी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी लावून धरली आणि ती अभ्यासक्रमात उतरली.

कॉलेजचे सर्वांत मोठे काम मात्र पदवीच्या हिशेबात येतच नाही. ते म्हणजे विनाश्रेयांक वर्ग. त्यांना शुल्क नसते. क्वांगतुंग प्रांतातून आलेली कँटोनीज बोलणारी आजी, मेक्सिकोतून आलेला हॉटेलातला आचारी, शाळा अर्धवट सुटलेला तिशीतला तरुण अशी माणसे तिथे भेटतात. कोणी इंग्रजीची अक्षरे गिरवते, कोणी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करते, कोणी हायस्कूलच्या समकक्ष दाखल्यासाठी बसते. चायनाटाउनमध्ये कर्नी स्ट्रीटवर 2012 मध्ये उघडलेली उंच इमारत आणि मिशन भागातील व्हॅलेन्सिया स्ट्रीटवरचे केंद्र ही या वर्गांची मुख्य ठिकाणे. मुंबईतल्या रात्रशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, की इथे रात्रशाळा, तंत्रनिकेतन आणि पदवीची पहिली दोन वर्षे एकाच संस्थेच्या छपराखाली आहेत. संस्थेचे बळ त्यातच आहे. पुढे हाच पसारा तिच्यावरचा आक्षेपही ठरला.

जुलै 2012 मध्ये कॉलेजांचा दर्जा तपासून अधिस्वीकृती (मान्यता) देणाऱ्या आयोगाने कॉलेजला शेवटचा इशारा दिला. तेव्हा विद्यार्थी 85 हजारांच्या घरात होते. आक्षेपांचा भर शिकवण्यापेक्षा कारभारावर होता : गंगाजळी तुटपुंजी, प्रशासक कमी, निर्णयप्रक्रिया गुंतागुंतीची, आवाक्यापेक्षा काम जास्त. त्याच नोव्हेंबरात शहरातील मतदारांनी दर मिळकतीमागे वर्षाला 79 डॉलरचा जादा कर स्वतःवर लावून घेतला आणि कॉलेजला हात दिला. तरीही जुलै 2013 मध्ये आयोगाने वर्षभरानंतर अधिस्वीकृती काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. विश्वस्त मंडळाचे अधिकार राज्याने नेमलेल्या विशेष विश्वस्ताकडे गेले.

आपल्याकडे नॅकची श्रेणी घसरली तरी कॉलेज चालू राहते. अमेरिकेत अधिस्वीकृती गेली की सरकारी पैसा थांबतो, विद्यार्थ्यांची मदत थांबते आणि मिळवलेले श्रेयांक पुढे कोणी धरत नाही. निर्णय अमलात आला असता तर कॉलेज बंदच पडले असते. शिक्षक संघटना आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शहराचे वकील डेनिस हेरेरा यांनी ऑगस्ट 2013 मध्ये आयोगावर दावा लावला. जानेवारी 2014 मध्ये न्यायाधीश कर्टिस कार्नो यांनी निर्णयाला स्थगिती दिली आणि पुढच्या वर्षी, आयोगाने ही प्रक्रिया राबवताना कायदा मोडला, असा निकाल दिला. अखेर जानेवारी 2017 मध्ये पुढील सात वर्षांसाठी अधिस्वीकृती कायम झाली. तोवर ‘कॉलेज बंद होणार’ ही बातमी पाच वर्षे शहरभर फिरली होती आणि हजारो विद्यार्थी निघून गेले होते. राज्याचे अनुदान प्रामुख्याने विद्यार्थिसंख्येवर बेतलेले असल्याने पैसाही घटला. आयोगाची तक्रार पैशाच्या तुटवड्याबद्दल होती आणि तिने तुटवडा वाढवला, हे या प्रकरणातले सर्वांत क्लेशदायक सत्य होय.

शुल्काचा इतिहासही इथेच सांगायला हवा. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजे कित्येक दशके रहिवाशांना विनाशुल्क होती. 1978 मध्ये ‘प्रॉपोझिशन 13’ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने मालमत्ता कराला मर्यादा घातली, स्थानिक उत्पन्न आटले आणि 1984 पासून शुल्क लागू झाले. सुरुवातीला ते एका श्रेयांकाला 5 डॉलर होते, 2012 पासून 46 डॉलर आहे. 60 श्रेयांकांचे 2,760 डॉलर होतात. अमेरिकी विद्यापीठांच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ असली, तरी या शहरात घरभाडे भरून ती उभी करणे सोपे नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये मतदारांनी 50 लाख डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या मालमत्तांच्या विक्रीवरील कर वाढवला. त्या उत्पन्नाच्या भरवशावर 2017 च्या शरद सत्रापासून ‘फ्री सिटी’ योजना आली. राज्यात किमान एक वर्ष राहिलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोत वास्तव्य असलेल्या कोणालाही शुल्क माफ, उत्पन्नाची अट नाही. शहरावरचा ‘सर्वांत महागडे’ हा शिक्का ज्या काळात अधिक गडद होत होता, त्याच काळात त्याने हे केले, याची नोंद घ्यावी लागते.

पैशाची ओढाताण मात्र संपलेली नाही. 2019 च्या अखेरीस पुढच्या सत्रातले सुमारे 300 वर्ग ऐनवेळी रद्द झाले. ज्येष्ठ नागरिकांच्या वर्गांना त्याचा मोठा फटका बसला. 2022 मध्ये पूर्णवेळ शिक्षकांची कपात झाली. राज्याचे धोरण लवकर पदवी आणि लवकर विद्यापीठप्रवेश याकडे झुकले आहे. त्यात साठीनंतर चित्रकला शिकायला येणारी बाई कोणत्या रकान्यात बसवायची, हा वाद विश्वस्तांच्या बैठकांत पुन्हा पुन्हा उठतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तिला रकाना नसणे हा रकान्यांचा दोष आहे.

मुख्य परिसराजवळच्या रस्त्याला पूर्वी फेलन घराण्याचे नाव होते. त्या घराण्यातील जेम्स डी. फेलन हे शहराचे महापौर व पुढे सिनेटर झाले आणि आशियाई स्थलांतरितांविरुद्धच्या प्रचारासाठी कुख्यात ठरले. 2018 मध्ये रस्त्याचे नाव बदलून फ्रिडा काहलो वे करण्यात आले. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो यांचे पती, तिथलेच चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्यामुळे हे नाव इथे शोभते. 1940 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील ट्रेझर आयलंड या बेटावरील जागतिक प्रदर्शनात रिव्हेरा यांनी प्रेक्षकांसमोर ‘पॅन अमेरिकन युनिटी’ हे भित्तिचित्र रंगवले. उंची 22 फूट, लांबी 74 फूट, 10 भाग आणि वजन सुमारे 30 टन. क्वेट्झलकोआट्ल हा प्राचीन देव, फ्रिडा, चार्ली चॅप्लिन आणि स्वतः फ्लूगर असे सगळे त्यात दिसतात. त्याच डिसेंबरात दिएगो आणि फ्रिडा यांनी या शहरात दुसऱ्यांदा एकमेकांशी लग्न केले.

हे चित्र फ्लूगर यांनी योजलेल्या कॉलेजच्या ग्रंथालयासाठी होते. युद्ध आले, 1946 मध्ये फ्लूगर वारले, ग्रंथालय उभेच राहिले नाही. चित्र वीस वर्षे बांधलेल्या अवस्थेत पडून होते. 1961 मध्ये ते कॉलेजच्या रंगमंदिराच्या दालनात लागले. तिथे जागा इतकी अपुरी होती की मागे सरून ते पूर्ण पाहणे अवघड जाई. 2021 मध्ये ते सुटे करून शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात नेण्यात आले आणि 2024 च्या सुरुवातीपर्यंत तिथे लोकांनी ते विनाशुल्क पाहिले. कॉलेजच्या नव्या रंगमंदिरात ते पुन्हा बसवण्याची योजना आहे.