क्लिपलेस पेडल घेण्याआधी

दुकानात आलेलं गिऱ्हाईक बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतं : पाय तर पेडलात अडकतोय, मग याला क्लिपलेस का म्हणायचं? पूर्वी रेसच्या सायकलींना पेडलच्या पुढे पिंजऱ्यासारखी टो-क्लिप आणि आवळायचा पट्टा असायचा. तो पिंजरा गेला म्हणून हे क्लिपलेस. 1984 साली फ्रान्सच्या लूक कंपनीने स्कीच्या बुटाची पकड सायकलला लावली आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड हिनॉने त्या पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकली. तळव्यात खोल बसणारी, बुटाने चालूही देणारी छोटी क्लीट (बुटाला बोल्टने बसणारा, पेडलात अडकणारा तुकडा) शिमानोने 1990 मध्ये एसपीडी नावाने आणली. माउंटन बाइकवाले आमच्याकडे मागतात ती बहुतेक हीच.

आता तुम्हाला क्लिपलेस पेडलं हवीत का, ते बघू. सकाळी सोलापुरात कंबर तलावाला फेरी आणि दिवसभर बाजारातली कामं, एवढीच सायकल चालत असेल तर पैसे ठेवा खिशात. रविवारी हिपरग्याच्या बाजूच्या कच्च्या वाटा किंवा नान्नजकडचा मुरमाड माळ करत असाल तर फरक कळेल. दगडांवर सायकल उधळते तेव्हा पाय पेडलवरून उडत नाही, चढाला उभं राहून रेटता येतं. वेग किती वाढेल, हे मात्र आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल साध्या सपाट, पिनांच्या पेडलांवर 2017, 2018 आणि 2019 अशी सलग तीन वर्षं एन्ड्युरो या माउंटन बाइक शर्यतींचा जागतिक विजेता झाला. सपाट पेडल म्हणजे काही कमीपणा नाही.

आधी बूट, मग पेडल

लोक उलटं करतात. चकचकीत पेडल घेऊन जातात आणि आठवड्याने बुटासाठी परत येतात. बुटाच्या तळव्यात क्लीटसाठी दोन बोल्टची जागा हवी. तीन भोकांचा बूट रोड बाइकचा; त्याची क्लीट तळव्याबाहेर येते आणि खडीवर चालताना माणूस बदकासारखा चालतो. माप घ्यायला संध्याकाळी या. आपल्या उन्हात दिवसभरात पाय फुगतो, सकाळी नीट बसलेला बूट चारच्या सुमारास चावायला लागतो.

पाय कसा सुटतो, ते बघून पेडल निवडा

आमच्या मते निवडीतली सगळ्यात मोठी गोष्ट ही. टाच बाहेर वळवली की पाय सुटतो, पण किती वळवायची आणि किती जोर लावायचा, हे प्रत्येक पेडलचं वेगळं. एसपीडीत स्प्रिंगचा ताण 3 मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने कमी-जास्त करता येतो. नवशिक्याने तो सगळ्यात कमीवर ठेवावा. दोन्ही बाजूंनी पाय अडकणारं पेडल असेल तर अशा स्प्रिंगा एकूण चार असतात, चारही सारख्या करा. एक घट्ट राहिली तर नेमकी तीच बाजू नको त्या वेळी पायाखाली येते. क्लीटमध्येही दोन जाती आहेत. एसएच 51 फक्त टाच वळवल्यावर सुटते. एसएच 56 तिरकं किंवा वर ओढलं तरी सुटते. पहिल्यांदा घेणाऱ्याला आम्ही 56 देतो, पाय पटाईत झाला की 51.

क्रँकब्रदर्सच्या पेडलला चार बाजूंनी पाय अडकतो आणि चिखल त्यात फार साठत नाही. ताण मात्र बदलता येत नाही. डावी-उजवी क्लीट अदलाबदल करून सुटण्याचा कोन 15 किंवा 20 अंश ठेवता येतो, तेवढंच. क्लीट पितळी असते. आपल्या दगडांवर चालून ती पोलादीपेक्षा लवकर झिजते, तो खर्च धरून चला.

चिखलाचं म्हणाल तर आपली काळी माती वेगळंच प्रकरण आहे. सप्टेंबरात पाऊस लागला की ज्वारीच्या रानाकडेच्या वाटेवर चार पावलं चाला आणि बूट उलटा करून बघा : क्लीटच्या खोबणीत माती अशी लिंपून बसते की क्लीट दिसतच नाही. असा पाय कुठल्याच पेडलात अडकत नाही. काडीने खोबण मोकळी करा, बूट पेडलवर दोनदा आपटा. खरं तर त्या मातीत पेडलच्या आधी चाकंच जाम होतात आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

पहिला आठवडा

पडणार, हे धरूनच चला. हे लिहिणारा सिग्नलला नव्हे, थेट चहाच्या टपरीपुढे, सायकल पूर्ण थांबलेली असताना आडवा झाला. लागलं कोपराला, पण जास्त झोंबलं ते बाकड्यावरच्या आजोबांचं "सायकल शिकतोय व्हय?" त्यामुळे आधी घरी भिंतीला धरून एकेक पाय पन्नास वेळा अडकवा, सोडवा. रस्त्यावर ब्रेक दाबायच्या आधी पाय सोडवायचा, आणि तो डावा. रस्त्याची कड डावीकडे असते. तोल गेलाच तर कडेला जावा, मागून येणाऱ्या एसटीपुढे नको.

पेडल घरी बसवणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नका. पाना वर धरून सायकलच्या पुढच्या बाजूला फिरवला की दोन्ही पेडलं आवळतात. आट्यांना ग्रीस लावा. स्प्रिंगला मात्र ओलं तेल नको, आपली धूळ त्यावर लगेच बसते. ड्राय ल्यूबचे (कोरड्या वंगणाचे) दोन थेंब आणि फडकं पुरे.

क्लीट चवड्याच्या हाडाखाली किंवा किंचित मागे यायला हवी. चार दिवसांनी गुडघा कुरकुरला तर अंगावर काढू नका, बूट आणि सायकल दोन्ही घेऊन या. क्लीट सरकवायचे आम्ही पैसे घेत नाही. सकाळी अकराच्या आत या, तोवर दुकानापुढे सावली असते आणि तिथल्या खांबाला धरून सराव करता येतो.