महिला बंद्यांचा जुना आघात आणि उपचार

जन्मठेप किंवा लांब शिक्षा भोगणाऱ्या बाईच्या मनावर जेलात यायच्या आधीच जो मार बसलेला असतो त्याला जुना आघात म्हणायचं. लहानपणचा लैंगिक अत्याचार, कोवळ्या वयातलं लग्न, दारुड्या नवऱ्याची रोजची मारझोड, सगळं यात आलं. गुन्हा सिद्ध झाला म्हणून आधी सोसलेलं खोटं होत नाही, काही केसमधे तर ज्याचा खून झाला तोच तिला मारत होता. हुंडाबळीत आत आलेल्या सासूला मात्र तिच्यावर काय गुदरलं हे कोणी विचारतच नाही, आपल्यालाही ते जड जातं, खरं सांगायचं तर.

जेलचं रूटीनच हा आघात परत जागा करतं. संध्याकाळी बराक बंद होते, बाहेरून कडी पडते, किल्ल्यांचा जुडगा वाजतो, आणि जिला नवरा कोंडून ठेवायचा तिचा श्वास तिथंच अडकतो. अंगझडतीचंही तसंच. मग झोप नाही, अंग दुखतं, भांडण, हातावर ब्लेड. यावर नुसती झोपेची गोळी दिली तर रात्र निघते, आजार तिथंच राहतो. लागतं काय तर एकच समुपदेशक बरीच वर्षं, बोललेलं बाहेर जाणार नाही ही खात्री, आणि झडती घेताना आधी सांगून घेणं.

२०१० च्या संयुक्त राष्ट्रांच्या, महिला बंद्यांसाठीच्या बँकॉक नियमांत दाखल होतानाच आधीच्या अत्याचाराची आणि मानसिक त्रासाची विचारणा करायला सांगितलंय. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जेलच्या डॉक्टरांना ट्रेनिंग आणि राज्यातल्या किमान एका जेलात मानसोपचाराची सोय ठेवायला सांगितली आहे.

नागपुरात वर्धा रोडचं मध्यवर्ती कारागृह आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, दोन्ही १८६४ चे, एकाच वर्षी एका गावात दोन्ही भिंती उभ्या राहिल्या, गंमतच म्हणा. महिला विभाग कारागृहात वेगळा आहे. सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आईजवळ राहू शकतं, त्यानंतर ते बाहेर जातं आणि हा नवा घाव जुन्यावर बसतो. पुरुषाला भेटायला बायको डबा घेऊन, गाडी बदलत येते, बाईच्या मुलाखतीला मात्र हळूहळू कोणीच येईनासं होतं.

संचित रजेचं, म्हणजे शिक्षा चालू असताना काही दिवस घरी जायला मिळणाऱ्या सुटीचं, तर आणखीच अवघड. न्यायला घरचं कोणीतरी पुढं यावं लागतं, आणि कित्येकदा अर्जावर पत्ता त्याच घराचा असतो जिथं तिनं मार खाल्ला.