वजनकाट्याची ओळ आणि हरवलेला कागद

जळगाव-धुळे पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी काट्यावर चढते, तेव्हा काट्याचा इंडिकेटर वजनाची ओळ सीरियल पोर्टमधून, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीतून, सतत बाहेर सोडत असतो. काटा फाटकाशी आणि संगणक लांबच्या कार्यालयात असेल, तर मध्ये डिव्हाइस सर्व्हर नावाची छोटी पेटी बसवतात. ती एका बाजूने सीरियल तार घेते आणि दुसऱ्या बाजूने तोच मजकूर नेटवर्कवर देते. संगणकात होणारी वजनाची नोंद मधूनच का तुटते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सीरियल जोडणीचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरले, तेव्हा तारेच्या टोकाला मुख्यतः टेलिप्रिंटर असे आणि आलेले प्रत्येक अक्षर कागदावर उमटे. जोडणी हीच नोंद होती. त्यामुळे अक्षर केव्हा आले, पोचले की नाही, कोणी वाचले, यांपैकी कशाचीही सोय मानकात नाही. प्रारंभाचा बिट, सात-आठ बिटांचे अक्षर, शेवटचा बिट, एवढाच व्यवहार. पुढे टेलिप्रिंटरच्या जागी पडदा आला आणि कागद गेला. आज आपण ज्याला लॉगिंग म्हणतो, म्हणजे आलेला मजकूर फाइलमध्ये टिपून ठेवणे, ती माझ्या मते त्या कागदाचीच भरपाई आहे.

या मानकाच्या १९६९ च्या सुधारित आवृत्तीत तारेची मर्यादा सुमारे ५० फूट धरली होती. १९८० च्या दशकात अनेक टर्मिनले (पडदा आणि कळफलक असलेली यंत्रे) इथरनेट या स्थानिक नेटवर्कवरून दूरच्या संगणकाला जोडणारे टर्मिनल सर्व्हर आले. तीच कल्पना उलटी फिरवून टर्मिनलच्या जागी मोजमापाचे उपकरण जोडले, की झाला डिव्हाइस सर्व्हर. बॉड रेट (सीरियल तारेचा वेग), पॅरिटी (चूक ओळखण्याचा बिट) अशा मांडण्या टेलनेट या दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या पद्धतीमधूनच बदलण्याची रीत १९९७ मध्ये आरएफसी २२१७ या इंटरनेट-दस्तऐवजाने घालून दिली. साधी पेटी मात्र टीसीपी या नेटवर्कवरच्या मजकूर-वहनाच्या नियमाने नुसते बाइट पुढे ढकलते, आणि नोंदीचा खरा घोळ इथेच होतो.

टीसीपी बाइटांचा क्रम राखते, ओळींच्या सीमा राखत नाही. इंडिकेटरने '१२३४०' पाठवले, तर प्रोग्रॅमच्या हाती आधी '१२३' आणि मग '४०' येऊ शकते. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत न थांबता पहिला तुकडाच वजन म्हणून लिहिला, तर ते वजन खोटे ठरते, आणि शेतकऱ्याची पट्टी याच आकड्यावर निघते. म्हणून आलेले बाइट आधी जसेच्या तसे, वेळेसह जपावेत आणि त्यांचा अर्थ नंतर लावावा. ही वेळ मजकूर संगणकावर पोचल्याची असते, काट्यावरून निघाल्याची नव्हे, हेही नोंदीत स्पष्ट असावे.

दुसरा धोका विजेचा. भारनियमनात पेटीची वीज गेली, तर जोडणी बंद झाल्याचा निरोप ती पाठवू शकत नाही. केवळ वाचत बसलेला प्रोग्रॅम जोडणी जिवंत आहे असे समजून थांबून राहतो. जोडणी जिवंत आहे का याची तपासणी लिनक्स ही संगणकप्रणाली, प्रोग्रॅमने ती मागितली तरच, करते, आणि मूळ मांडणीत पहिली तपासणी ७२०० सेकंदांच्या शांततेनंतर होते. तोवर दोन तासांच्या गाड्या निघून गेलेल्या असतात. इंडिकेटर सतत ओळी सोडत असल्यामुळे इथे दहा सेकंदांची शांतता हीच बिघाडाची खूण धरावी, जोडणी नव्याने उघडावी आणि त्या खंडाच्या सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही वेळा नोंदीच्याच फाइलमध्ये लिहाव्यात.