गिअर टाकताच इंजिन का थरथरते?

ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना इंजिन शांत चालते, पण ब्रेक दाबून गिअर ड्राइव्हमध्ये टाकताच स्टिअरिंग आणि आसन थरथरू लागते. अशा वेळी लगेच स्पार्क प्लग बदलण्याची घाई होते. माझ्या मते त्याआधी, गिअर टाकल्याच्या क्षणी गाडीत नेमके काय काय बदलले, हे पाहायला हवे.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या त्याच्या कवचात पात्यांची दोन चक्रे समोरासमोर असतात. एक इंजिनाबरोबर फिरते आणि तेल दुसऱ्यावर फेकते. न्यूट्रलमध्ये दुसरे चक्र मोकळे असल्याने तेही सोबत फिरत राहते. ड्राइव्हमध्ये मात्र ते चाकांशी जोडले जाते, चाके ब्रेकने रोखलेली असतात, आणि इंजिनाला थांबलेल्या पात्यांवर तेल घुसळत राहावे लागते. हा भार पेलण्यासाठी गाडीतील संगणक थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किंचित उघडून जास्त हवा आणि इंधन देतो. थ्रॉटलवर कार्बन साचला असेल, तर ही जुळवाजुळव अडखळते.

भाराबरोबर पीळही येतो. चाके जमिनीवर रोखलेली असल्यामुळे त्यांना फिरवू पाहणारे इंजिन गिअरबॉक्ससह आपल्या रबरी माउंटवर, म्हणजे त्याला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणाऱ्या आधारांवर, कलते. रबर फाटलेले असेल, तर धातूला धातू टेकतो आणि निरोगी इंजिनाचीही कंपने थेट सांगाड्यात उतरतात.

भार आणि पीळ यांना वेगळे करण्याची एक सुंदर युक्ती आहे. गाडी न्यूट्रलमध्येच ठेवून एसी सुरू करावा. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर भार टाकतो, परंतु तो इंजिनालाच बोल्टने जखडलेला असल्यामुळे हे बल आतल्या आत मिटते आणि माउंटवर पीळ येत नाही. एसीनेही इंजिन अडखळू लागले, तर दोष बहुधा ज्वलनात किंवा हवा-इंधनाच्या पुरवठ्यात आहे. इंजिन स्थिर राहिले, तर माउंटवरचा संशय वाढतो. ड्राइव्ह आणि रिव्हर्समध्ये पिळाची दिशा उलटते, म्हणून एकाच गिअरमध्ये थरथर जास्त असणे ही माउंटच्या दोषाची आणखी एक खूण ठरते. हे तपासताना हँडब्रेक लावलेला आणि ब्रेकवर पाय घट्ट असावा, आणि गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये.

थरथरीची लयही बोलकी असते. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा ज्वलन होते. मिनिटाला ७२० फेरे, म्हणजे सेकंदाला १२ फेरे आणि २४ ज्वलने. ती शरीराला सलग गुणगुणीसारखी जाणवतात. माउंट खराब असले की हीच गुणगुण वाढते आणि आरपीएमचा काटा साधारण स्थिर राहतो. एक सिलिंडर मिस करू लागला, तर दर दोन फेऱ्यांनी एक ज्वलन चुकते, म्हणजे सेकंदाला सहा ठोके सुटे सुटे जाणवतात आणि सायलेन्सरचा आवाजही तुटक येतो.

मिसिंग नेमके भाराखालीच का उघडे पडते, याचे कारण ठिणगीत आहे. सिलिंडरमध्ये हवा जास्त भरली की दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यास अधिक व्होल्टेज लागते. झिजलेला प्लग किंवा ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारी दुबळी कॉइल न्यूट्रलमध्ये कसाबसा निभाव लावते, ड्राइव्हमध्ये हरते. गाडीच्या संगणकातील दोष वाचणारा स्कॅनर पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, असा कोड दाखवत असेल, तर पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करून पाहावी. कोड बदलून पी०३०२ (दुसरा सिलिंडर) झाला, तर दोष कॉइलबरोबर तिकडे सरकला, म्हणजे तो कॉइलचाच आहे.

कोड नसेल, तर हवेची गळती शोधावी. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेते, त्यामुळे फाटलेल्या नळीतून शिरणाऱ्या हवेचा वाटा तेव्हा मोठा असतो आणि मिश्रण विरळ होते. रेस दिल्यावर तो वाटा नगण्य ठरतो. येणारी हवा सेन्सरने मोजणाऱ्या गाडीत, स्कॅनरवरील इंधनाची दुरुस्ती (संगणकाने इंधनात केलेली वाढ किंवा घट) आयडलिंगला +२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ दिसली, तर गळतीच गृहीत धरावी. इंजिनाच्या शोषणावर चालणारा आणि पेडलचा जोर वाढवणारा ब्रेक बूस्टरही विसरू नये. गिअर टाकताना पेडल दाबलेलेच असते, आणि बूस्टरचा पडदा फाटलेला असल्यास तेव्हाच हवा इंजिनात शिरते. न्यूट्रलमध्ये नुसता ब्रेक दाबूनही इंजिन डगमगले, तर गिअरबॉक्स उघडण्याचे कारण उरत नाही.