जुनी पेडल स्टील गिटार उलटी करून का बघतात

पेडल स्टील गिटार कुठल्या सालची आहे हे शोधायचं असेल तर वरच्या बाजूचे फोटो बघून फारसं काही हाती लागत नाही. पॉलिश नव्याने मारता येतं, कंपनीच्या नावाची पट्टी बदलता येते, पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, तर सर्रास बदलतात. ती उलटी ठेवायची आणि खालचे रॉड, आडवे शाफ्ट, तारा ओढणारी यंत्रणा बघायची, कारण खरा इतिहास तिथे आहे आणि तो वाचता यायला हवा असेल तर आधी या यंत्रणेतले बदल झाले कशासाठी ते कळायला हवं.

आपल्याकडे हवाईयन गिटार सगळ्यांना माहिती आहे, मांडीवर आडवी ठेवून स्टीलचा बार फिरवत हिंदी गाण्यांच्या धून वाजवायचे ती, आणि पंडित ब्रिजभूषण काबरांनी तर त्याच पद्धतीने राग वाजवले. पेडल स्टील ही तिचीच अमेरिकेत वाढलेली पुढची पिढी. मूळ अडचण अशी की बार सरळ असतो, त्यामुळे गिटार जशी लावलीय तेवढेच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, सहज मिळतात. वेगळे कॉर्ड हवेत तर वेगळं ट्यूनिंग, म्हणजे तारा वेगळ्या स्वरांना लावायच्या, म्हणून वादक दोन, तीन, अगदी चार नेकच्या (तारांच्या वेगवेगळ्या पट्ट्यांच्या) गिटारी घेऊन बसायचे. मग कल्पना आली की पायाने पेडल दाबून तारच ताणली तर? गिब्सनची इलेक्ट्राहार्प १९४० च्या आसपास आली, तिची पेडलं डाव्या पायाजवळ पंख्यासारखी एकत्र लावलेली, आणि नुसती ती ठेवण बघूनच ती ओळखू येते. पुढे कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबीने १९४८ मध्ये स्टीलवादक स्पीडी वेस्टसाठी पेडलवाली गिटार बनवली. बिग्सबी आपल्या वाद्यांवर तारीखच ठोकायचा, त्यामुळे त्याच्या बाबतीत काम सोपं होतं. बाकी कुणी एवढी कृपा केलेली नाही.

पण तोवर पेडलचा उपयोग मुख्यतः एका ट्यूनिंगवरून दुसऱ्यावर जाण्यापुरता होता. खरा धक्का बड आयझॅक्स या स्टीलवादकाने दिला. कंट्री गायक वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात त्याने तार वाजत असतानाच पेडल दाबलं, म्हणजे एक स्वर जागेवर थांबलेला आणि बाकीचे त्याच्या आत सरकत वर जातायत. गाणं १९५४ मध्ये अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सगळ्या स्टीलवाल्यांना तो आवाज हवाच झाला, ज्यांच्याकडे साधी बिनपेडलची स्टील होती त्यांनी घरी जुगाड करून पेडलं बसवली. म्हणूनच आज एखाद्या गिटारचं लाकूड एका सालचं आणि पेडलं दुसऱ्या सालची असं निघतं आणि दोन्ही उत्तरं बरोबर असतात.

आयझॅक्सचं पेडल दोन स्वर एकदम चढवायचं. बडी एमन्स या वादकाने ते काम दोन पेडलांत वाटून टाकलं, एकावर बी स्वराचा सी शार्प, दुसऱ्यावर जी शार्पचा ए. दुसरा वादक जिमी डे यानेही तेच केलं पण पेडलांचा क्रम उलटा ठेवला, म्हणून आजही वादक एकमेकांना विचारतात, तुझी एमन्स सेटअप की डे? १९६२ मध्ये एमन्सने वरच्या दोन तारा वाढवल्या, एफ शार्प आणि डी शार्प, आणि ई नाइन्थ या ट्यूनिंगची दहा तारांची गिटार रूढ झाली. फेंडरची १९५७-५८ ची १००० आणि ४०० ही मॉडेलं आठ तारांची, तिथे रॉड नसून केबल आणि पुली असतात. दहा तारांची ८०० आणि २००० आली १९६४ मध्ये.

शो-बड ही कंपनी शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांची, नावही दोघांच्या नावांतून जोडलेलं. त्यांची आधीची मॉडेलं पर्मनंट, मग साठच्या दशकात फिंगरटिप, मग दशकाच्या शेवटी क्रॉसओव्हर. क्रॉसओव्हरमध्ये एक लिव्हर असायची, ती सरकवली की तीच पेडलं दुसऱ्या नेकवर काम करायला लागायची. ऐकायला झकास, पण वादकांना त्याचा वैताग यायचा आणि अनेकांनी ती काढून टाकली, मग खाली रिकामी भोकं तेवढी राहतात. मला स्वतःला हीच भोकं सगळ्यात आवडतात, कुणीतरी रोज वाजवून कंटाळून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला होता हे त्यातून दिसतं.

एमन्सने १९६३ मध्ये वेगळी कंपनी काढली आणि पुश-पुल यंत्रणा आणली, स्वर चढवायला रॉड ओढायचा आणि उतरवायला ढकलायचा. लावायला किचकट, पण तिच्या आवाजासाठी लोक आजही जीव टाकतात. तिथे सुरुवातीच्या बोल्ट-ऑन आणि रॅपअराउंड, नंतरच्या कट-टेल अशी वर्गवारी आहे, आणि ती सगळी चेंजरच्या (तारा ओढणाऱ्या भागाच्या) टोकाकडची घडण बघून करतात. चढवणं-उतरवणं दोन्ही ओढूनच करणाऱ्या ऑल-पुल यंत्रणेनं पुढे हे सगळं मागे टाकलं. गुडघ्याने दाबायच्या लिव्हर मात्र जपून मोजा, कारण पुष्कळ जुन्या गिटारींना त्या नंतर बसवलेल्या असतात.

शेवटचा पुरावा व्हॉल्यूम-टोनच्या पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या विजेच्या भागावर, जिथे गिटारला ते असतात. मागे छापलेल्या आकड्यांत पहिले तीन बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, पुढे वर्ष आणि मग आठवडा. १३७६६३३ म्हणजे सीटीएसचा, १९६६ चा, तेहतिसाव्या आठवड्यातला. पन्नासच्या दशकात वर्षाला एकच आकडा असायचा, त्यामुळे ३०४८३३ म्हणजे १९५८. यावरून एवढंच ठरतं की गिटार, निदान तिची वायरिंग, त्याआधीची नाही. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा एवढा मोठा साठा घेऊन ठेवला होता की तो पुढची दोन-तीन वर्षं वापरात राहिला, म्हणून ६६ चा पॉट निघालेली फेंडर ६८ चीही असू शकते.