लॉजवरची पहिली रात्र आणि अर्धवट जागा मेंदू

सध्या अशा रील्स फिरतायत की मानेवर बर्फ ठेवा, वेगस नर्व्ह (मेंदूतून मानेवाटे हृदय-पोटापर्यंत जाणारी नस) ‘रीसेट’ होईल आणि एकट्याने प्रवास करायची भीती छूमंतर. नर्व्हला रीसेटचं बटण नसतं हो. पण कंपनीच्या कामाला एकट्याने बाहेरगावी जायचं म्हटलं की पोटात गोळा येणारी माणसं पुष्कळ आहेत, ऑफिसात कोणी बोलत नाही एवढंच, म्हणून असल्या रील्स चालतात. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. मला मात्र यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती पहिली रात्र.

समजा तुम्ही वाळूजला ऑडिटला गेलाय, लॉजवर रूम मिळालीय, दाराची कडी दोनदा बघून झालीय, गादी घरच्यापेक्षा बरी आहे, आणि तरी टक्क जागे. लिफ्टची टिंग, शेजारच्या बाथरूममधली बादली, कॉरिडॉरमधली चप्पल, सगळं ऐकू येतंय. दुसऱ्या रात्री तीच खोली, तेच आवाज, आणि तुम्ही ढाराढूर. झोपेवर संशोधन करणाऱ्यांना हे १९६० च्या दशकापासून माहितीये, कारण लॅबमध्ये झोपायला आलेली माणसं पहिल्या रात्री धड झोपायचीच नाहीत, मग त्या रात्रीचा डेटा बऱ्याचदा सरळ बाजूला टाकायचे.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन युनिव्हर्सिटीत मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच टाकाऊ रात्र तपासली. आता जरा नीट वाचा, इथे मजा आहे. गाढ झोपेत मेंदूच्या वरच्या थरातल्या असंख्य पेशी एकदम गप्प होतात आणि मग एकदम चालू होतात, सेकंदाला साधारण एकदा, आरतीत टाळ्या हळूहळू एका ठेक्यात पडायला लागतात ना तसं, आणि सगळ्या एकदम असल्यामुळे डोक्याच्या बाहेरूनसुद्धा एक मोठी संथ लाट मोजता येते. लाट मोठी म्हणजे झोप गाढ. तर नव्या जागी पहिल्या रात्री डाव्या अर्ध्या मेंदूतल्या लाटा उजव्यापेक्षा लहान निघाल्या, तेही सगळीकडे नाही तर डिफॉल्ट मोड नेटवर्क नावाच्या जाळ्यात, जे आपण काही न करता नुसते विचारात बसलेले असतानाही चालू असतं. आणि ज्याच्या दोन बाजूंत फरक जास्त त्याला झोप लागायला वेळही जास्त.

मग त्यांनी झोपलेल्यांच्या कानात एकसारखे बीप वाजवले, मधेच एखादा वेगळ्या सुरातला. उजव्या कानाचा आवाज मुख्यतः डाव्या मेंदूकडे जातो, आणि पहिल्या रात्री हा वेगळा आवाज उजव्या कानात आला की मेंदूची प्रतिक्रिया जास्त, जाग जास्त वेळा आणि पटकन. साधारण आठवड्याने तीच माणसं परत आली तेव्हा डावं-उजवं हा फरक गेलेला.

रांगेत झोपलेल्या बदकांमध्ये कडेची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून अर्ध्या मेंदूने झोपतात, डॉल्फिनही अर्ध्याच मेंदूने झोपतो. आपण तेवढे पोचलेले नाही, आपली एक बाजू फक्त कमी गाढ झोपते. आणि हे मोजमाप झोपेच्या पहिल्या फेरीतलं (हलकी ते गाढ आणि परत, अशा फेऱ्या रात्रभर चालतात) आहे, त्यामुळे उद्यापासून रात्रभर उजवा कान उशीत दाबून झोपायची घाई नको.

‘त्या खोलीत काहीतरी आहे’ म्हणणाऱ्यांनी, आणि उत्तरेकडे डोकं आलं म्हणून पलंग फिरवणाऱ्यांनी, एवढंच सांगावं की दुसऱ्या रात्री ते ‘काहीतरी’ कुठे जातं? उत्तर दिशा तर तिथेच असते.

माझं मत विचाराल तर प्रेझेंटेशन सोमवारी सकाळी असेल तर रविवारी रात्री नाही, शनिवारी पोचा, बॉस पैसे देत असेल तर. त्याच गावी परत जायचं असेल तर तोच लॉज घ्या, भले पोहे भिकार असोत.

सकाळी छाती धडधडते तेव्हा आठवा की उठल्यावर पहिल्या अर्ध्यापाऊण तासात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन तसंही वाढतंच, रोज, घरीसुद्धा. श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हे मात्र खरं, आणि वेगस नर्व्हचा खरा संबंध इथे आहे, त्याला बर्फ लागत नाही.

घरच्यांचं काय? विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत शाळकरी मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावून टेन्शन दिलं आणि मग काहींना आईशी फोनवर बोलू दिलं. नुसत्या आवाजानेही ऑक्सिटोसिन हे जवळिकीचं हार्मोन वाढलं, कॉर्टिसॉल उतरलं, जवळजवळ मिठी मारल्यासारखंच. चाळिशीतल्या सेल्स मॅनेजरवर हा प्रयोग झालेला नाही हे कबूल, पण ‘पोचलास की फोन कर’ला व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवणाऱ्यांसाठी सांगतो, २०१२ मध्ये त्याच गटाने चॅटिंगही तपासलं, आणि आईशी फक्त टाइप करून बोललेल्या मुलींचं कॉर्टिसॉल तिच्याशी अजिबात न बोललेल्या मुलींइतकंच वर राहिलं.